उघड्यावरची थंडी आणि अंगावरचे दूध

मार्गशीर्ष लागला की दख्खनच्या पठारावरची हवा पालटते. दिवसा ऊन रुचकर लागते. परंतु पहाटेच्या प्रहरी गवतावर दव साचते, विहिरीच्या पाण्यावर वाफ तरंगताना दिसते आणि घरोघरच्या गोधड्या-घोंगड्या बाहेर निघतात. बेळगाव-चिकोडीच्या बाजूला ही थंडी त्या मानाने सौम्य असते. इंदूरकडे जानेवारीतील रात्रीचे तापमान सरासरीने १० अंशांच्या आसपास उतरते आणि ग्वाल्हेरला ते ७ अंशांपर्यंत खाली येते. अशा दिवसांत घरात तान्हे मूल असले म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींची पहिली सूचना ठरलेली असते : बाळंतिणीने उंबऱ्याबाहेर पडू नये आणि बाळाला वारा लागू देऊ नये. सूचना शहाणपणाची आहे. पण ती पाळणे ज्यांना शक्य आहे त्यांच्यापुरतीच. जिचा उंबरा पाच-सहा महिन्यांपुरता उसाच्या फडाशेजारी उभ्या केलेल्या पाचटाच्या कोपीचा असतो, त्या बाईने काय करावे?

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते. बीड जिल्ह्यातून, अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातून आणि मराठवाड्याच्या इतर तालुक्यांतून लाखो ऊसतोड मजूर बिऱ्हाड पाठीशी बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडे येतात. या कामात मजुराची गणती माणसागणिक होत नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' होतो. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडायची असते आणि मजुरी मिळते ती तोडलेल्या उसाच्या टनावर. पहाटे झुंजुमुंजू होण्याच्या आधीच फडात शिरावे लागते. त्या वेळी उसाचे पान न् पान दवाने ओथंबलेले असते. दहा-पंधरा मिनिटांत बाईच्या चोळीच्या बाह्या आणि लुगड्याचे काठ भिजून जातात. मूल दोन महिन्यांचे असो की चार, त्याला कोपीत एकटे टाकून येता येत नाही. म्हणून ते बांधावर पाचटाच्या गादीवर निजवलेले असते, किंवा बैलगाडीच्या साट्याखाली बांधलेल्या झोळीत.

मूल रडते. आईच्या कानावर ते येते. पण हातातली मोळी बांधून व्हायची असते, गाडी भरायची असते, पलीकडचा कोयता पुढे निघून गेलेला असतो. 'एवढी मोळी होऊ दे' असे म्हणता म्हणता अर्धा तास निघून जातो. शिवाय मनात एक भीतीही असते : अशा गार वाऱ्यात पदर बाजूला करून बाळाला पाजले तर त्याच्या छातीत थंडी भरेल. मग ऊन वर येईपर्यंत थांबावे, असा विचार ती करते. तिचे प्रेम कमी असते म्हणून ती थांबत नाही. बाळाच्या काळजीपोटीच ती थांबते. आणि नेमकी येथेच चूक होते.

हा प्रश्न केवळ उसाच्या फडातला नाही. वीटभट्टीवर, रस्त्याच्या खडीवर आणि इमारतीच्या कामावर जाणारी मजूर स्त्री, भल्या पहाटे भाजीची पाटी घेऊन बाजारात बसणारी बागायतदारीण, धुक्यामुळे चार-पाच तास उशिरा धावणाऱ्या गाडीची ग्वाल्हेरच्या फलाटावर वाट पाहणारी लेकुरवाळी प्रवासीण, या सर्वांपुढे तो कधी ना कधी उभा राहतो. उघड्यावर, थंडीत, तान्ह्या मुलाला अंगावर पाजावे की नाही? पाजावे तर कसे? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर तान्ह्या मुलाला थंडी कशी बाधते, हे प्रथम समजून घ्यावे लागते.

मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो. कुडकुडणे म्हणजे स्नायूंची जलद हालचाल. त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. नवजात बालकाला ही युक्ती नीट साधत नाही. निसर्गाने त्याची सोय निराळ्या रीतीने केली आहे. त्याच्या मानेभोवती, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांच्या आसपास एक विशेष प्रकारची तपकिरी रंगाची चरबी असते. थंडी लागताच ही चरबी जळू लागते आणि तिच्यातून ऊब मिळते. पण ही शिदोरी मर्यादित असते. आणि जे मूल दिवस भरण्याच्या आधी किंवा कमी वजनाचे जन्मले, त्याच्यापाशी ती फारच थोडी असते.

दुसरी गोष्ट शरीराच्या मापाची. मोठा हंडा उशिरा निवतो आणि वाटीतले पाणी लवकर निवते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. वजनाच्या मानाने नवजात बालकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट असते. त्यामुळे त्याची ऊब भराभर निघून जाते. त्यातही डोके शरीराच्या मानाने मोठे, म्हणून उघड्या डोक्यावाटे बरीच ऊब जाते. आपल्या आज्यांनी बाळाला कुंची आणि टोपडे घालण्याची चाल पाडली ती केवळ कौतुकासाठी नव्हे.

ही ऊब चार वाटांनी जाते. अंग किंवा कपडा ओला असला तर ते पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. गार जमिनीला किंवा गार वस्तूला अंग टेकले तर ती तिकडे वाहते. वारा अंगावरून गेला की त्वचेलगतची गरम हवा तो हिरावून नेतो. आणि आसपासच्या थंड भिंती, थंड जमीन व मोकळे आकाश यांच्याकडे शरीराची उष्णता स्पर्शावाचूनही जात राहते. बांधावर पाचटात निजवलेल्या, लंगोट ओला झालेल्या आणि वाऱ्याच्या तोंडी पडलेल्या मुलाच्या बाबतीत या चारही वाटा एकाच वेळी उघड्या असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे नवजात बालकाच्या शरीराचे तापमान ३६.५ अंशांच्या खाली गेले की त्याला थंडी बाधू लागली असे समजावे. ३६ अंशांच्या खाली स्थिती गंभीर होत जाते आणि ३२ अंशांखाली प्राणावर बेतते. या उतरंडीत एक दुष्टचक्र आहे. गारठलेले मूल स्वतःला ऊब देण्यासाठी अंगातली साखर आणि प्राणवायू अधिक वेगाने खर्च करते. साखर कमी झाली की ते सुस्तावते. सुस्तावलेले मूल जोराने चोखत नाही. चोखले नाही म्हणजे दूध मिळत नाही, आणि दूध मिळाले नाही म्हणजे ऊब निर्माण करायला सरपण उरत नाही. मग ते अधिकच गारठते. अशा मुलाचे रडणे थांबते आणि 'शांत निजले आहे' असे आईला वाटते. पाळी चुकवून पडून राहिलेले गार मूल शांत निजलेले नसते. ते थकलेले असते. या शांततेची भीती बाळगली पाहिजे.

आता आईकडे वळावे. आईच्या अंगाचे तापमान सुमारे ३७ अंश असते. स्तनातून येणारे दूध त्याच उबेचे असते. बाहेर कितीही गारठा असला तरी ते आत थंड होत नाही. शंभर मिलिलिटर दुधातून सरासरी ६५ ते ७० कॅलरी मिळतात, म्हणजे मुलाच्या अंगातल्या शेगडीला लागणारे सरपण तेच. पाजताना मूल आईच्या पोटाशी आणि छातीशी बिलगलेले असते. त्यामुळे निम्म्या अंगाने तरी ते वाऱ्यापासून आणि गार जमिनीपासून सुटते. तेव्हा थंडीच्या वेळी अंगावर पाजणे म्हणजे मुलाला आतून सरपण आणि बाहेरून ऊब, अशी दोन्ही एकाच वेळी देणे होय. धोका पाजण्यात नसतो; तो पाजणे पुढे ढकलण्यात, ओल्या कपड्यात आणि मुलाला जमिनीवर एकटे निजवण्यात असतो. ऊन वर येण्याची वाट पाहणाऱ्या आईने एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात धरली तरी पुष्कळ झाले.

आईचे अंग हेच तान्ह्या मुलाचे सर्वांत ऊबदार घर आहे, हे वैद्यकशास्त्राने प्रत्यक्ष अनुभवातून पडताळून पाहिले आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा येथे १९७८ साली एका मोठ्या प्रसूतिगृहात कमी वजनाच्या मुलांची संख्या फार झाली आणि त्यांना ठेवण्याच्या उबेच्या पेट्या पुरेनाशा झाल्या. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. एडगर रे यांनी मुलांना आयांच्याच छातीवर, त्वचेला त्वचा लावून, उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवते, त्यावरून या पद्धतीला 'कांगारू मातृसेवा' असे नाव पडले. पुढे भारतासह आशिया आणि आफ्रिकेतील पाच देशांच्या रुग्णालयांत या पद्धतीची कसोटी घेण्यात आली आणि तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. फार कमी वजनाच्या मुलांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवले तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १५.७ वरून शेकडा १२ वर आले. म्हणजे एक चतुर्थांश मृत्यू टळले. ज्या गोष्टीला वीज लागत नाही आणि पैसा लागत नाही, तिचा हा गुण आहे.

आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यांच्या कामाचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने जगाचे लक्ष वेधले. त्या शिक्षणात बाळाला ऊबदार ठेवणे आणि वेळेवर अंगावर पाजवणे या दोन साध्या गोष्टींना महत्त्वाचे स्थान होते. झोपडीतही बाळ वाचवता येते, असा त्या कामाचा अर्थ आहे. आणि कोपी ही झोपडीच आहे.

आता प्रत्यक्ष पाजण्याची रीत. पहिली गोष्ट आडोसा. वाऱ्याकडे पाठ करून बसावे. गाडीचे चाक, उसाच्या मोळ्यांची रास, बांधावरचे झाड, स्थानकाची भिंत, जे जवळ असेल ते वाऱ्याच्या बाजूला घ्यावे. थेट जमिनीवर न बसता खाली कोरडे पाचट, पोते किंवा घोंगडी घालावी. आईच्या अंगातली ऊब जमिनीत गेली तर ती मुलाला कोठून मिळणार?

दुसरी गोष्ट कोरडेपणा. मुलाला जवळ घेण्याआधी त्याचा लंगोट पाहावा व ओला असल्यास बदलावा. आईची चोळी दवाने किंवा घामाने भिजली असेल तर ती तशीच मुलाच्या अंगाला लावू नये. फडात जाताना एक कोरडी चोळी आणि एक कोरडे दुपटे गाठोड्यात निराळे बांधून ठेवावे, हा यावरचा सोपा उपाय. उसाचे कूस, माती आणि पिकावर मारलेल्या औषधाचा अंश हाताला लागलेला असतो. तेव्हा हात धुवावेत, आणि पाणी फार गार असेल तर धुतलेले तळवे एकमेकांवर चोळून गरम करावेत. गार हाताचा स्पर्श झाला की मूल दचकते आणि चोखणे सोडते.

तिसरी गोष्ट पांघरुणाची. येथे पुष्कळांची उलटी समजूत असते. मुलाला चार-पाच कपड्यांत गच्च गुंडाळून, गाठोडे करून पाजले म्हणजे ते ऊबदार राहते असे वाटते. वस्तुतः जाड कपड्यांच्या थरांमुळे आईची ऊब मुलापर्यंत पोचत नाही. टोपडे, झबले आणि पायमोजे मुलाच्या अंगावर असू द्यावेत. पण त्याचे पोट आणि छाती आईच्या अंगाला भिडलेली असावी आणि पांघरूण दोघांच्या भोवती एकच असावे. पदराने, शालीने किंवा घोंगडीने आई आणि मूल मिळून एकच आकृती झाली पाहिजे. मात्र मुलाचे नाक आणि तोंड पांघरुणाखाली दडपले जाता कामा नये. पाजताना त्याचा चेहरा आईला दिसत राहावा, हनुवटी छातीत रुतलेली नसावी. वाऱ्यापासून चेहरा झाकण्याच्या नादात श्वास कोंडणे हा थंडीहून मोठा धोका आहे.

कॅनडाच्या अति उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांनी हीच युक्ती फार पूर्वी साधली. तेथे हिवाळ्यात तापमान उणे ३० अंशांच्याही खाली जाते. त्या स्त्रियांचा 'अमाउती' नावाचा एक अंगरखा असतो. त्याच्या पाठीला मोठी ऐसपैस पिशवी असते आणि तिच्यात मूल आईच्या पाठीला लागून बसते. ते खाली घसरू नये म्हणून आईच्या कमरेला पट्टा बांधलेला असतो. मुलाला भूक लागली की आई त्याला अंगरख्याच्या आतल्या आत पुढे सरकवून पाजते. बाहेरच्या वाऱ्याचा स्पर्श दोघांनाही होत नाही. जेथे श्वासही गोठतो तेथे पिढ्यान् पिढ्या मुले अंगावर वाढली. मग आपल्या दख्खनच्या आणि माळव्याच्या थंडीत पाजणे अशक्य का व्हावे? अंगरखा निराळा असेल. तत्त्व एकच आहे.

चौथी गोष्ट वेळेची. पाजताना घाई करू नये. सुरुवातीचे दूध पातळ असते आणि त्याने तहान भागते. पुढे पुढे येणाऱ्या दुधात स्निग्धांश वाढत जातो आणि खरी ऊब त्यात असते. दोन मिनिटे पाजून मुलाला पुन्हा झोळीत टाकले तर ते पाण्यावर बोळवण केल्यासारखे होते. शिवाय पान्हा फुटण्यालाही थोडा अवधी लागतो. मन भ्यालेले, शरमलेले किंवा वैतागलेले असले, अंग गारठलेले असले, तर पान्हा उशिरा फुटतो. दूध आटले असा समज करून घेण्याआधी आईने दोन घोट गरम पाणी किंवा चहा घ्यावा, शाल खांद्यावरून नीट ओढून घ्यावी आणि मुलाला छातीशी धरून थोडे स्वस्थ बसावे. पुष्कळदा एवढ्याने पान्हा वाहू लागतो.

काही स्त्रियांना थंडीत पाजून झाल्यावर स्तनाग्रे पांढरी पडून कळा येतात. गार हवा लागताच तेथील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्याचा हा परिणाम. मुलाने तोंड सोडल्याबरोबर स्तन कोरड्या उबदार कापडाने झाकून वरून तळहाताने हलकेच दाबून धरावा. याने बहुधा आराम पडतो. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. दुखते म्हणून पाजणे बंद करण्याचे कारण नाही.

मूल गारठले आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. हाताची उलटी बाजू आधी मुलाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावावी. दोन्ही उबदार असतील तर काळजी नाही. पोट उबदार पण पाय गार असतील तर मुलाला थंडी लागू लागली आहे. लगेच छातीशी घ्यावे, पाजावे, पायांत मोजे घालावेत. पोट आणि पाय दोन्ही गार लागले, मूल सुस्त पडले, चोखेनासे झाले, श्वास फार जलद किंवा कण्हत घेऊ लागले, तर एक क्षणही न दवडता त्याला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून, वरून पांघरूण घेऊन, त्याच स्थितीत दवाखान्यात न्यावे. गाल लाल दिसतात म्हणून निश्चिंत राहू नये. फार गारठलेल्या मुलाचे गालही कधी कधी फसवे लाल दिसतात.

ऊब देण्याच्या आणखी काही रूढ उपायांविषयी सावधगिरी हवी. बंद खोलीत किंवा कोपीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो, तो झोपेतच प्राण घेतो. आणि पाचटाच्या कोपीत तर एका ठिणगीने होत्याचे नव्हते होते. गरम पाण्याची बाटली किंवा तापवलेली वीट मुलाच्या अंगालगत ठेवू नये. त्याची कोवळी कातडी भाजते. जन्मल्यावर पहिला दिवसभर तरी मुलाला आंघोळ घालू नये, आणि पुढेही थंडीत आंघोळ दुपारच्या उन्हाच्या वेळी, आडोशाला, झटपट आटोपावी.

समजुतींचीही थोडी झाडाझडती आवश्यक आहे. आईने गार पाण्यात काम केले म्हणजे तिचे दूध 'गार' होते आणि ते मुलाला बाधते, असे म्हणतात. दूध असे गार होत नाही. आईला सर्दी-पडसे झाले तर तिने मुलाला पाजू नये, असेही म्हणतात. हे तर अगदीच उलटे आहे. आईच्या शरीरात त्या रोगाशी झुंजणारी जी द्रव्ये तयार होतात ती दुधावाटे मुलाला मिळतात. तिने फक्त हात धुवावेत, नाकातोंडावर पदर धरावा आणि पाजत राहावे. थंडीत मुलाला ऊब यावी म्हणून गुटी, मध किंवा आणखी काही चाटवण्याची चाल आहे. परंतु पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते. बाटलीच्या दुधाची गोष्ट तर बोलायलाच नको. फडात बाटली उकळणार कोठे, आणि त्यातले दूध कोमट राहणार किती वेळ? दुधाच्या पावडरीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा भारताने १९९२ साली केला तो उगाच नव्हे.

एखाद्या दिवशी मुलाला आजीपाशी कोपीत ठेवणे शक्य असेल तर आईने दूध स्वच्छ वाटीत काढून झाकून ठेवावे. साध्या हवेत ते चार तास चांगले राहते. ते चुलीवर तापवू नये. वाटी कोमट पाण्यात ठेवून उबदार करावी आणि वाटी-चमच्याने पाजावे. मात्र या सोयीने आईच्या कुशीची उणीव भरून निघत नाही.

येथवर आईने काय करावे याचा विचार झाला. पण सगळे ओझे तिच्याच डोक्यावर ठेवणे न्यायाचे नाही. साधा हिशेब करून पाहावा. तान्हे मूल चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते. कामाच्या दहा तासांत त्याची चार वेळा पाळी येते असे धरले आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटे लागली, तर दिवसातले एक तास वीस मिनिटे होतात. टनावर मजुरी असेल तर ही ऐंशी मिनिटे कोयत्याच्या कमाईतून वजा होतात. म्हणजे मुलाला पाजण्याची किंमत आईच मोजते. सरकारी वा खाजगी नोकरीतल्या बाळंतिणीला १९६१ च्या मातृत्व-लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी दिली. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, अशी तरतूद करण्यात आली होती. कागदावर ही कल्पना नवी नाही. उसाच्या फडापर्यंत ती पोचायला मात्र फार वाट चालायची आहे.

आपल्या लोकांना या बाबतीत दूरचा दाखला शोधण्याची गरज नाही. रायगडावर दूध विकायला गेलेल्या हिरकणीची आख्यायिका लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. कोजागिरीच्या रात्री गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल भुकेले होते, म्हणून ती माउली अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी त्या कड्यावर बुरूज बांधला आणि तिच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला, असे सांगतात. महाराष्ट्रातील एस. टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी ज्या खोल्या झाल्या त्यांना 'हिरकणी कक्ष' हेच नाव दिले गेले. नाव समर्पक आहे. पण या गोष्टीत एक बोध असाही दडला आहे की, दरवाजा वेळेवर उघडला असता तर त्या आईला कडा उतरावा लागला नसता. कक्षाच्या पाटीपेक्षा त्याचे दार उघडे असणे, आत वाऱ्याला आडोसा आणि टेकायला बाक असणे महत्त्वाचे. जेथे असा कक्ष नाही तेथे एखाद्या दुकानदाराने, तिकीटखिडकीवरच्या बाबूने किंवा प्रतीक्षालयातल्या प्रवाशाने 'ताई, येथे आत बसा' असे म्हटले तरी तेवढ्यापुरता कक्ष उभा राहतो. आणि पाजणाऱ्या आईकडे रोखून न पाहणे, ही तर कोणत्याही पुरुषाला जमण्यासारखी गोष्ट आहे.

फडात करण्यासारखेही पुष्कळ आहे आणि त्याला मोठा खर्च येत नाही. बांधावर चार बांबू ठोकून तीन बाजूंनी ताडपत्री लावली की वाऱ्याचा आडोसा होतो. टोळीतल्या एका वयस्क बाईकडे दिवसभर मुले सोपवली आणि तिची मजुरी सर्व कोयत्यांनी मिळून भागवली तर कोणाच्याच मुलाला एकटे पडून राहावे लागत नाही. मूल रडले की त्या बाईने आईला हाक मारावी आणि त्या हाकेला मोळीपेक्षा अधिक मान असावा. पहाटेचे पहिले दोन तास, जेव्हा दव आणि गारठा सर्वाधिक असतो, तेव्हा तान्हे मूल असलेल्या बाईला फडात न उतरवता उन्हे आल्यावर मोळ्या बांधायला घ्यावे, एवढी सवलत मुकादम मनात आणील तर सहज देऊ शकतो. आणि नवऱ्याने त्या ऐंशी मिनिटांचा उल्लेख 'खाडा' म्हणून कधीही करू नये.

पाजणाऱ्या बाईच्या पोटाचाही विचार हवा. मुलाला दूध पुरवण्यासाठी पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे ६०० कॅलरींचा अधिक आहार लागतो. म्हणजे दोन-तीन भाकऱ्या, त्यांबरोबर डाळ आणि मूठभर शेंगदाणे. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू ज्या घरात होतात तेथे ते जरूर व्हावेत. जेथे होत नाहीत तेथे निदान बाजरीची गरम भाकरी, गूळ आणि तीळ तरी तिच्या ताटात आधी पडावे. सर्वांचे जेवून झाल्यावर उरलेले शिळे खाऊन तिने पहाटे फडात जावे, आणि दूध मात्र भरपूर यावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे चुलीत लाकूड न घालता भाकरी भाजायला बसणे.

थंडी दरवर्षी येणार. ऊस दरवर्षी तोडला जाणार, गाड्या धुक्यात रखडणार आणि कष्टकरी बायका कडेवरच्या मुलांसह घराबाहेर पडणार. यातले काहीही एका दिवसात बदलणारे नाही. पण उद्या पहाटे एखाद्या बांधावर मूल रडले, तर त्याच्या आईने कोयता खाली ठेवून त्याला निःशंक मनाने पदराखाली घ्यावे आणि शेजारच्या कोयत्याने तिची अर्धी राहिलेली मोळी बांधून द्यावी, एवढे तर उद्याच होऊ शकते.